स्विमिंग पूलसाठी वर केलेला हात

आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे हे मी आपण होऊन कोणाला सांगत नाही. नातेवाइकांना ते आधीच कळलेलं असतं. ते येताना मुलांचे पोहायचे कपडे पिशवीत घालूनच येतात. मी त्यांना चहा देते, खाली नेते आणि पाहुण्यांची फी वहीत लिहून घेते. फी मीच ठरवलेली आहे. या पूलच्या खर्चाचा पहिला अंदाज, दुसरा अंदाज आणि पुढे ज्यांना अंदाज म्हणायची लाज वाटावी असे चार-पाच कागद, सगळे माझ्याच अक्षरात आहेत.

मी मुलुंड पूर्वेला राहते. मधली चार वर्षं जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात काढली, ती सोडली तर छत्तीस वर्षं एकाच पत्त्यावर. नोकरी विम्याच्या कचेरीत, हिशेब खात्यात केली. सोसायटीची खजिनदार मी बावीस वर्षं आहे. दुसरं कोणी तयार होत नाही हे त्याचं खरं कारण, पण मला तो मान समजायची सवय लागली.

त्या सवयीला खतपाणी घातलं तळमजल्यावरच्या काकांनी. काका मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर एका छापखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. दर वर्षीच्या सभेला ते आणि काकू सगळ्यांच्या आधी येत, शेवटच्या ओळीत कडेच्या दोन खुर्च्या धरत. ठराव वाचून झाला आणि अध्यक्षांनी 'अनुकूल असलेल्यांनी हात वर करावेत' म्हटलं की काका आधी माझ्याकडे बघत. माझा हात वर गेला की त्यांचा जाई. माझा खाली राहिला की त्यांचाही खाली. एकदा मी चिडून म्हटलं, काका, स्वतः विचार करून मत द्या की. ते म्हणाले, "गो बाय, हिशोब तुझो. हात तेवढो माझो." मग हळूहळू जुन्या इमारतीतली निम्मी मंडळी तेच करू लागली. सभेला मी समोर टेबलाशी बसायची आणि हात मोजायचं कामही माझ्याचकडे, त्यामुळे मला हे सगळं स्पष्ट दिसायचं. खोटं कशाला बोलू, आवडायचं.

पुनर्विकासाचं घाटत होतं तेव्हा बिल्डरनं सोयींची एक रंगीत यादी दिली. व्यायामशाळा, ज्येष्ठांसाठी बाक, आणि गच्चीवर स्विमिंग पूल. पूलपुढे 'विनामूल्य' असं लिहिलेलं. फुकट ते पौष्टिक म्हणतात आपल्याकडे. अठ्ठावीस जुन्या घरांपैकी सत्तावीस घरांत कोणालाही पोहता येत नव्हतं, तरी त्या दिवशी सगळ्यांना पूल हवा झाला. माझ्या नवऱ्यानं घरी आल्यावर मला विचारलं की तुला पाण्यात तोंड तरी घालता येतं का. मी त्याला म्हटलं, प्रश्न तो नाही.

माझ्या डोक्यातला प्रश्न गच्चीचा होता. जुन्या इमारतीत मी सर्वात वरच्या मजल्यावर राहायची. जून ते सप्टेंबर आमच्या घरात तीन पातेली, एक बादली आणि इडलीपात्राचं झाकण छतातून ठिबकणारं पाणी झेलायला मांडलेली असत. गच्चीवर दर चार वर्षांनी डांबराचे थर, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग कुठलंसं परदेशी रसायन; सगळ्याची बिलं मीच चुकती केली होती आणि छत तसंच गळत राहिलं होतं. आणि आता हे लोक गच्चीवर मुद्दाम पाणी भरून ठेवणार. विशेष सभेत मी उभी राहिले आणि बराच वेळ बोलले. डोक्यावर पाणी नको, पूल हवा तर जमिनीत खणा, असं सांगितलं. मागच्या बाजूला इमारत आणि कुंपणाच्या मध्ये जागा होतीच. टाळ्या पडल्या. गळक्या छताखाली राहिलेल्या माणसाला जमिनीइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली वाटणार? नव्या इमारतीत आमचं घर सहाव्या मजल्यावर असणार होतं आणि वर अजून आठ मजले येणार होते, हे त्या आवेशात माझ्या लक्षातही नव्हतं.

बिल्डर म्हणाला, माझी हरकत नाही. गच्चीवरच्या पूलचा खर्च मी करतो, जमिनीत नेल्यामुळे जो जास्तीचा येईल तो सोसायटीनं भरावा. अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. मी आठ दिवस बसले. खोदाई, माती वाहून नेणं, काँक्रीट, सळई, गळतीरोधक थर, फरशा, पाणी गाळायचं यंत्र. भांडुपच्या, ठाण्याच्या तिघा कंत्राटदारांकडून दर मागवले. कागदाच्या तळाशी आमच्या सल्लागारानं बारीक अक्षरात लिहिलं होतं की जमिनीत पाणी लागल्यास खर्च वाढू शकतो. मी त्यासाठी दहा टक्के धरले. दहा का? कचेरीत सगळे दहा धरायचे म्हणून.

एकूण जास्तीचे अठरा लाख निघाले. ते कॉर्पसमधून, म्हणजे बिल्डरनं सोसायटीला दिलेल्या कायम ठेवीतून, द्यायचे ठरले. नव्या इमारतीचा महिन्याचा खर्च जुनीच्या खर्चापेक्षा मोठा असणार आणि तो या ठेवीच्या व्याजातून भागवायचा, असा सगळा बेत होता. अठरा लाख काढून उरलेल्या ठेवीच्या व्याजात भागतंय हे मी दोनदा तपासलं. पूल एकदा बांधल्यावर तो रोज चालवायचाही असतो, याचा त्या कागदात एक आकडा नव्हता. मला कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदात 'आवर्ती खर्च कुठे आहे' असं लाल पेनानं लिहीत आले, आणि स्वतःच्या कागदात तेच विसरले. तसाच तो अंदाज सभेपुढे आला.

मी हात वर केला. शेवटच्या ओळीत काकांनी केला. मग बाकीचे गेले. विरोधात कोणी नव्हतं.

मुलुंड पूर्वेला मिठागरं जवळ आहेत हे इथल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. खोदाई सुरू झाली आणि सहा फुटांवर पाणी लागलं. खारं पाणी. दोन पंप लावून उपसलं तरी सकाळपर्यंत खड्डा पुन्हा भरलेला. मग जास्त जाड काँक्रीट, खाऱ्या पाण्यात न गंजणारी सळई, दुहेरी थर. बिल्डरचा माणूस दर पंधरवड्याला नवा कागद आणायचा आणि मी सही करायची, कारण अर्धवट खड्डा इमारतीच्या पायाशी तसाच ठेवता येत नव्हता. अठराचे एकेचाळीस लाख झाले, तेही ठेवीतूनच गेले.

एका दुपारी मी कुंपणापाशी उभी राहून त्या खड्ड्याकडे बघत होते. काका जवळच भाड्यानं राहत होते, तेही आले. माझ्या शेजारी उभे राहिले आणि अगदी सहज म्हणाले, "जुनी पाण्याची टाकी खणली तेव्हाय सा फुटारच पाणी लागला होता. मी होतंय मा तेव्हा."

मी विचारलं, काका, मग सभेत का नाही बोललात?

"तुझ्या कागदात ता आसतलाच, असा वाटला."

राग त्यांचा आला की स्वतःचा, तेही कळलं नाही. घरी जाऊन मी तो दहा टक्क्यांचा कागद काढला आणि बघत बसले. काकांना त्यात जे दिसलं होतं ते मला कुठेच सापडलं नाही.

नव्या इमारतीत आम्ही आलो त्याला आता तीन वर्षं होतील. पूल सुंदर आहे, ते नाकारणार नाही. निळ्या फरशा, कडेला खुर्च्या. जुन्या सभासदांत पोहता येणारं एकमेव माणूस म्हणजे काका. लहानपणी खाडीत पोहलेले. पहिल्याच आठवड्यात ते हाफ पँट घालून उत्साहानं खाली गेले. जीवरक्षकानं अडवलं. नियमाप्रमाणे पोहायचा विशिष्ट पोशाख हवा आणि डोक्याला टोपी हवी. काकांनी ती रबराची टोपी हातात घेऊन उलटसुलट केली, "बावीत कोण टोपी घालून उतारता?" असं त्याला विचारलं आणि परत आले. पुन्हा गेले नाहीत. तो नियम कमिटीनं केला होता. अर्थात मीही कमिटीत होते.

मग बिलं यायला लागली. जीवरक्षक दोन पाळ्यांचे दोन. पाणी गाळायचं यंत्र दिवसातले आठ तास चालायचं, त्याची वीज. क्लोरीन. उन्हाळ्यात उडून जाणाऱ्या पाण्यासाठी टँकर, कारण महापालिकेचं पाणी पूलमध्ये भरायला परवानगी नाही. आणि खाऱ्या जमिनीमुळे भिंतीमागून झिरपणारं पाणी उपसायला एक पंप, जो बंद पडला की गाड्यांच्या तळघरात चिखल. सगळं मिळून महिन्याला जे होत होतं ते घटलेल्या व्याजातून भागणं शक्य नव्हतं. जुन्या इमारतीत आम्ही महिन्याला अठराशे रुपये देत होतो. इथे सुरुवात पाच हजारांनी झाली. दुसऱ्या वर्षी सात.

त्यात आमचा नियम असा, की अशा सोयींचा खर्च दर घराला सारखा. घर लहान असो की मोठं. हा नियम मी जुन्या इमारतीत वर्षानुवर्षं मोठ्यानं वाचून दाखवला होता, कारण तिथे सगळी घरं सारखीच होती आणि कोणी कुरकुर केली की मला तो उपयोगी पडायचा. आता बाराव्या मजल्यावरचं तीन बेडरूमचं घर आणि काकांचं जुन्यापेक्षा एकच खोली जास्त मिळालेलं घर, दोघांना पूलचा बोजा सारखा. काकांना छापखान्याची जेमतेम पेन्शन. मुलगा पुण्याला, त्याच्या स्वतःच्या घराचे हप्ते. काका प्रत्येक महिन्याच्या दोन तारखेला चेक घेऊन माझ्याकडे येत. एक दिवस उशीर नाही. सात हजार झाले तेव्हा काकूंनी दूध अर्धा लिटर कमी केलं, हे मला दूधवाल्याकडून कळलं.

मी ठरवलं की पूल बंद करायचा. कमिटीला पटवलं, ठराव लिहिला: पाणी काढून टाकावं, वर जाळी घालावी, माणसं कमी करावीत. मनातून हलकं वाटलं. तसं पत्र ज्यानं पूल बांधला त्या कंत्राटदाराला पाठवलं. त्याचा इंजिनिअर आला आणि माझ्या टेबलाशी बसून त्यानं मला शांतपणे समजावलं. म्हणाला, मॅडम, हा पूल रिकामा करता येणार नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. आतमध्ये पाण्याचं वजन असतं म्हणून टाकी खाली बसून राहते. रिकामी केलीत तर खालचं पाणी तिला उचलेल. बादलीत रिकामं पातेलं दाबून बघा, वर येतंच ना? तसं. फरशी फुटेल, भिंत तडकेल, आणि पाया फार लांब नाही.

मग भरलेला ठेवायचा आणि नुसता बंद करायचा, मी म्हटलं. तो म्हणाला, साचलेल्या पाण्यात डास होतात, पालिकेची नोटीस येईल. म्हणजे गाळत राहायला हवं. क्लोरीन घालत राहायला हवं. भरलेला आहे म्हणजे राखणीला माणूस हवाच. मातीनं बुजवायचा? त्याला नकाशात बदल, सगळ्यांची संमती आणि पुन्हा खर्च. नवी अठ्ठावीस घरं आधीच बिथरली होती. आम्ही पूल बघून घर घेतलं, असं त्यांच्यातल्या एकीनं मला लिफ्टमध्ये सुनावलं. तिचं तरी काय चुकलं? तिनं पैसे मोजले होते.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी रोज सहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली बघायची. दुपारच्या वेळी त्या निळ्या पाण्यात कोणी नसायचं. यंत्र चालू असायचं.

यंदाच्या वार्षिक सभेसाठी बजेट मांडलं तेव्हा महिन्याचा आकडा दर घराला नऊ हजार सहाशे आला. मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी हिशेब केला. माळीकामाचे पैसे कापले, दिवाळीची रोषणाई कापली. नऊ हजार सहाशेच्या खाली जाईना. नाही वाढवले तर दिवाळीनंतर लिफ्टच्या देखभालीचे पैसे नव्हते. आणि चौदा मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट बंद ठेवता येत नाही, वरच्या मजल्यांवरही म्हातारी माणसं आहेत.

सभेच्या आदल्या दिवशी मी काकांकडे गेले. उगाच काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली, लिंबाच्या लोणच्याचं कौतुक केलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, काकांना अजेंडा मिळालेला होताच. तो कागद त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलेला होता.

त्यांनी मला सगळं आधीच ठरवून ठेवल्यासारखं सांगितलं. ठराव झाला तर ते घर भाड्यानं देणार. भाड्यातून महिन्याचा खर्च सुटेल, थोडे उरतील. दोघं गावी जाणार, भावाच्या घरात एक खोली मिळेल. काकूंचे डॉक्टर इथे गल्लीच्या तोंडाशी आहेत. तिथे डॉक्टरसाठी कणकवली गाठावी लागेल. काकू मोरी धूत होत्या. छत्तीस वर्षं शेजार आहे आमचा. माझ्या मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा काकूंनी दीड महिना रोज सकाळी वर येऊन नातीला तेल लावलं होतं.

मी म्हटलं, वरचे सव्वीसशे मी भरते, कोणाला कळायचं कारण नाही. काका हसले.

"फुकटचा एकदा घेतला. ताच अजून फिटूक नाय."

मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. म्हटलं, काका, उद्या हात वर करू नका. विरोध करा. तुमच्यासारखे दहा जण तरी आहेत, बोलले तर ऐकावं लागेल.

"तू करतलंस?"

मला हात वर करावाच लागेल, मी म्हटलं. बजेट माझं आहे.

"मगे?" काका म्हणाले.

काकूंनी लोणच्याची बाटली कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मी लिफ्टनं वर आले.

सभा व्यायामशाळेशेजारच्या हॉलमध्ये होती. तिथल्या काचेतून पूल दिसतो. छप्पन्नपैकी त्रेचाळीस घरं हजर होती. मी बजेट वाचलं. पूलचा भागही वाचला. नव्यांपैकी एकानं टँकरचा दर जास्त नाही का, असं विचारलं. मी तीन दर दाखवले. जुन्यांनी काहीच विचारलं नाही. मी आतून वाट बघत होते की कोणीतरी उठेल, ओरडेल, माझ्यावर चिडेल. या बाईनं वाट लावली आपली, असं कोणीतरी म्हणावं, इतकंच मला हवं होतं. पण बावीस वर्षं मी त्यांना गप्प बसायलाच शिकवलं होतं.

अध्यक्षांनी अनुकूल असलेल्यांनी हात वर करावेत म्हटलं. नव्यांचे हात पटापट गेले. मी माझा टेबलावरच ठेवला. काका शेवटच्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर, माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, नको म्हणून. जुन्या घरांची बाकीची मंडळीही माझ्याकडेच बघत होती आणि त्यांचे हात मांडीवर होते. अध्यक्ष माझ्याकडे वळून हळूच म्हणाले की मॅडम, तुमचंच बजेट आहे.

मला वाटलं, नाही करायचा. मग लिफ्टचं बिल आठवलं, खालचा पंप आठवला, पावसाळ्यात उचलली जाणारी ती टाकी आठवली. जे जे आठवलं ते माझ्याच अक्षरात होतं. मी हात वर केला.

काकांचा हात लगेच वर गेला. सरळ, कोपरात न वाकवता, नेहमीसारखा. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, समोर काचेकडे बघत राहिल्या. मग जुन्यांचे एकेक करून गेले.

हात मोजायचं काम माझं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत आले तेव्हा आकडा एकेचाळीसवर होता. काका हात तसाच धरून बसले होते, मी मोजेपर्यंत खाली घ्यायचा नसतो म्हणून. त्यांना दंड दुखायला लागला असावा, कारण दुसऱ्या हातानं त्यांनी कोपर धरला होता.

मी बेचाळीस म्हटलं.